दाराकडे तोंड केलेले बूट

ताईंच्या घरी जेवायला गेलं की निघताना कुणालाही आपले बूट शोधावे लागत नसत. आपण आत येऊन बूट काढले, की पाणी विचारायच्याही आधी ताई दाराशी जात, बूट जोडीनं लावत आणि त्यांची तोंडं दाराकडे फिरवून ठेवत. नव्या पाहुण्याचा यावर हमखास गैरसमज व्हायचा. महाराष्ट्र मंडळातल्या एका वहिनींनी तर एकदा बोलून दाखवलं, "अहो ताई, आम्ही आत्ताच आलोय!"

"मग बसा की," ताई म्हणाल्या. "सकाळपर्यंत बसा. पण निघताना तुम्ही दारात वळून वाकून बूट फिरवत बसणार, आणि मागचे चौघं उघड्या दारात थंडी खात उभे राहणार. मी आत्ता रिकामी आहे, आत्ता करून ठेवते."

ताई आणि मी डेट्रॉइटच्या बाजूला, नोव्हायजवळच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी हिशेब खात्यात, त्या प्रेस शॉपमध्ये. पत्रा दाबून मोटारीचे दरवाजे आणि बॉनेट करणारे तिथले प्रेस दुमजली घराएवढे होते. दरवाजे करून झाले की त्यांचा साचा काढायचा आणि बॉनेटचा बसवायचा. तेवढा वेळ प्रेस बंद. हा बंद वेळ कमी करणं हे ताईंचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: मशीन चालू असताना जे उरकता येतं, त्याला मशीन थांबल्यावर हात लावायचा नाही. पुढचा साचा आधीच शेजारी आणून ठेवायचा, बोल्ट आधीच मोजून ठेवायचे, कोण कुठे उभं राहणार ते आधीच ठरवायचं. "थांबल्यावर विचार करायचा नाही," असं त्या म्हणत. "विचार चालता चालता करायचा."

हे शास्त्र कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी यावं, एवढं त्यांना कधी जमलं नाही.

ताई मूळच्या नागपूरच्या. तरुणपणी शिकायला आल्या त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. गणपतीला त्या थेट शिफ्टवरून यायच्या. अंगावर जरीची साडी आणि साडीखाली लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाच्या महाप्रसादाची रांग दर वर्षी दारापर्यंत जायची. एका वर्षी ताईंनी कुणाला न विचारता टेबलं भिंतीपासून ओढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल, आणि लिंबाच्या फोडींचं ताट उचलून पार खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

"लिंबू कुठे गेलं?" अध्यक्ष ओरडले.

"तिकडे आहे. वरणभातापाशी कुणी थांबत नाही हो. माणूस लिंबापाशी थांबतो. सगळ्यांत मोठी फोड कुठली ते बघत राहतो."

"ताई, हा गणपती आहे. असेंब्ली लाइन नाही."

"म्हणूनच म्हणते. मशीनला भूक नाही लागत."

त्या वर्षी रांग निम्म्या वेळात संपली. हा अंदाज नव्हे, मी घड्याळ लावून बसलो होतो. अध्यक्षांनी आभाराच्या भाषणात ताईंचं नाव घेतलं नाही, पण जाता जाता एक टोमणा मारला, "एवढा वेळ वाचवून करता तरी काय हो तुम्ही?" ताईंनी ताट उचललं. वाढून घेतलं आणि जेवायला बसल्या.

त्या काय करायच्या ते मला माहीत होतं. त्यांच्या अपार्टमेंटच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेलं एक तळं होतं. शनिवारी सकाळी चहाचा मग घेऊन त्या तळ्यावरच्या बदकांकडे तासतासभर बघत बसायच्या. हातात पुस्तक नाही, फोन नाही. कारखान्यात सेकंदासाठी भांडणारी बाई अशी बसलेली पाहिली, की मला माझाच हिशेब कुठेतरी चुकल्यासारखं वाटायचं.

आल्प्सच्या सहलीत ताई शिरल्या त्या माझ्याच तोंडून. साल बहुतेक दोन हजार पाच. नाताळात कारखाना बंद असतो, मुलीला सुट्टी असते, आणि त्या वर्षी बरीच वर्षं साठवलेल्या पॉइंट्सवर मला विमानाची तिकिटं मिळत होती. मी बेत आखला. झुरिकला उतरायचं, विमानतळाच्या खालूनच गाडी पकडायची, बर्नला बदलायची, मग इंटरलाकन, मग लाउटरब्रुनेन, आणि तिथून दातेरी रुळांवरून डोंगर चढणाऱ्या छोट्या गाडीनं वेंगेनला. वेंगेनमध्ये मोटारी चालत नाहीत. ज्या गावात सगळ्यांची पोटं मोटारींवर चालतात तिथून बिनमोटारीच्या गावाला जायचं, याची मला फार गंमत वाटत होती. जेवणाच्या सुट्टीत मी गाड्यांचा तक्ता ताईंना दाखवला.

त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. "गाड्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "यात माणसं कुठे आहेत?"

"तिघं आहोत. मी, बायको, मुलगी."

"आणि काकू?"

काकू म्हणजे माझी आई. बाबा गेल्यानंतर ती आमच्याकडेच राहायला आली होती. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, उजवा जास्त. मी ताईंना समजावलं. बर्नला गाडी बदलायला आठ मिनिटं मिळतात. आईला आमच्या घरातून गाडीपर्यंत जायला तेवढी लागतात. पुण्याचा मोठा भाऊ फोनवर ठाम नाही म्हणाला होता. आईची सोय आम्ही एका मित्राच्या घरी केली होती.

"त्यांना यायचं आहे का?"

आईला यायचं होतं, तीच तर अडचण होती. आईनं साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता. निळ्या खडूनं हिमनदी आणि पांढऱ्या खडूनं तिची दरी ती दर वर्षी फळ्यावर काढायची. नदीची दरी इंग्रजी व्हीसारखी, हिमनदीची यूसारखी. मीही तिच्याच वर्गात ते शिकलो. लाउटरब्रुनेनची दरी हा त्याचा नमुना आहे हे मी तिला सांगितलं, ती माझी चूक झाली. भाऊ फोनवर म्हणाला, "आई, तिकडे बर्फात पडलीस तर?" आई म्हणाली, "इथे मिशिगनमध्ये काय वाळू पडते?" पण फोन ठेवल्यावर तीच म्हणाली, "जा तुम्ही. माझ्या पायांत तुमचे पाय अडकायला नकोत." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. संध्याकाळी आम्ही नकाशा उघडला की ती उठून आपल्या खोलीत जायची.

हे ऐकून ताईंनी डबा बंद केला. "अरे भाऊ, सगळ्यांत हळू मशीन काढून टाकून लाइन फास्ट झाली, असं आमच्यात कुणी म्हणालं ना, तर त्याला घरी पाठवतात. शनिवारी येते. सामान भरून ठेव. खरं सामान, जे नेणार आहात ते."

शनिवारी त्या आल्या तेव्हा आमच्या गॅरेजसमोर सहा मोठ्या बॅगा उभ्या होत्या. इथे आपल्या लोकांची एक खोड सांगायला हवी, कारण ती माझ्यात सर्वांत जास्त आहे. विमान कंपनी माणशी दोन बॅगा नेऊ देते, म्हणून आपण दोन बॅगा भरतो. काय न्यायचं ते नंतर सुचतं. भारतात जाताना मी बॅगा बाथरूमच्या काट्यावर चढवून शेवटच्या अर्ध्या पौंडापर्यंत भरतो, आणि एखादी हलकी राहिली तर मला विमानात झोप लागत नाही. आल्प्सलाही मी तसंच केलं होतं. बायकोनं राइस कुकर, मेतकूट, दोन किलो तांदूळ आणि लाडवांचा डबा घेतला होता.

"किती जणांचा संसार हलवून राहिला तू?" ताईंनी विचारलं.

मग त्यांनी खिशातून खडू काढला आणि आमच्या ड्राइव्हवेवर रेल्वेचा डबा काढला. दोन दारं, मध्ये बाकं. गवताच्या पलीकडे, लेटरबॉक्सपाशी दुसरा डबा. मध्ये फलाट. नोव्हेंबरचा महिना, झाडं उघडी, वारा बोचरा. ताईंनी शिट्टी मारली, चक्क तोंडात दोन बोटं घालून, आणि आम्ही सामानासह पहिल्या डब्यातून उतरून दुसऱ्यात चढायला निघालो. आई दारात बसून बघत होती.

काय झालं ते थोडक्यात सांगतो. आम्ही तिघं सहा बॅगांसह खडूच्या दारात अडकलो. बायको म्हणाली, आधी तू उतर. मी म्हणालो, आधी कुकरची बॅग दे. पहिल्या डब्यातून बाहेर पडेपर्यंत बर्नची आठ मिनिटं संपली होती.

"आणि यात काकू नव्हत्याच," ताई शांतपणे म्हणाल्या. "गाडी कुणामुळे चुकली?"

आई दारातून म्हणाली, "माझं नाव घेऊ नका. मी इथे बसले होते."

त्या दिवसापासून ताईंचे नियम लागू झाले. एक, प्रत्येकाचा एक हात मोकळा. ज्या बॅगेला दोन हात लागतात ती घरी. दोन, गाडी थांबायच्या आधी कोट अंगात, बॅग हातात, आपण दारात. आणि तिसरा, ज्याच्यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला: सगळ्यांत हळू माणूस सगळ्यांत आधी.

"आई पुढे गेली तर आम्ही तिला मागून धरणार कसं?" मी विचारलं.

"धरायचं काहून? त्या काय साचा आहेत? त्या मागे राहिल्या की तुम्ही वळून वळून बघता, थांबता, 'सावकाश' म्हणता. त्यांना वाटतं आपण ओझं. पुढे चालणाऱ्याला कुणी सावकाश म्हणत नाही, त्याच्या मागे जातात. त्या रिकाम्या हातानं पुढे जातील आणि दुसऱ्या गाडीच्या दारात उभ्या राहतील. तुम्ही त्यांना गाठायचं."

आई उठली, काठी घेतली आणि खडूच्या डब्यात येऊन उभी राहिली. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

आमच्या कारखान्यात तेव्हा नवा प्रेस बसत होता आणि तो बसवायला स्वित्झर्लंडहून एक तंत्रज्ञ आला होता. बर्नजवळच राहणारा. ताईंनी त्याला कॉफी पाजून डब्याची पायरी किती उंच, फलाटावरून खाली उतरायला जिना कुठे आणि उतार कुठे, उतार जवळ पडावा म्हणून गाडीच्या कुठल्या टोकाला बसायचं, हे सगळं काढून घेतलं. लाउटरब्रुनेनची गाडी वाटेत दोन भागांत तुटते आणि चुकीच्या भागात बसलं तर माणूस दुसऱ्याच गावाला पोचतो, हेही त्याच्याकडूनच कळलं. माझ्या तक्त्यात ते नव्हतं. पुढच्या शनिवारी ताई कारखान्यात माल ठेवायच्या पॅलेटच्या फळ्यांची एक पायरी ठोकून घेऊन आल्या, मापात.

"काकू, चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी."

"चांगला वर, दुखरा खाली," आईनं घोकलं. वर्गातल्या मुलीसारखं.

मुलगी तेरा वर्षांची होती आणि तिला हे सगळं असह्य होत होतं. "मावशी, धिस इज सो एम्बॅरसिंग. पीपल आर लुकिंग."

"बघू दे. सुटलेल्या गाडीकडे आपण बघत उभं राहणं, ते एम्बॅरसिंग."

लोक खरंच बघत होते. समोरचे निवृत्त म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवता फिरवता थांबले आणि काळजीनं "एव्हरीथिंग ओके?" म्हणाले. ताईंनी त्यांना पाच मिनिटांत कामाला लावलं. त्यांनी दारात मध्येच उभं राहून वाट अडवणारा प्रवासी व्हायचं. ते त्यात इतके रमले, की पुढच्या शनिवारी आमच्या आधी हजर. आई त्यांच्यासमोर काठी टेकून उभी राही आणि "एक्सक्यूज मी" म्हणे. पहिल्यांदा ते हललेच नाहीत. दुसऱ्यांदा आईनं वर्गातला आवाज काढला, तेव्हा कुत्र्यासकट बाजूला झाले.

अधल्यामधल्या दिवशी आई एकटीच सराव करायची. मी कामावरून येई तेव्हा ती त्या फळीवर चढत-उतरत असे. चांगला वर, दुखरा खाली. डिसेंबरच्या पहिल्या बर्फानं खडू पुसला गेला. आईनं फावड्यानं बर्फ सारला आणि मुलीकडून डबा पुन्हा काढून घेतला.

निघायच्या आधीच्या रविवारी ताईंनी शेवटची परीक्षा घेतली. चार माणसं, चार छोट्या बॅगा, आडवे उभे राहिलेले म्हातारबुवा. स्टॉपवॉच माझ्या हातात. चार मिनिटांच्या आत. मी ते आईला दाखवलं, मग आत जाऊन पुण्याला फोन लावला. आईनं फोन माझ्या हातून घेतला. "मी जातेय," ती भावाला म्हणाली. "तुला विचारायला नाही, सांगायला फोन केलाय."

ताई मात्र येणार नव्हत्या. कारखाना बंद असतो तेव्हाच त्यांचं काम जोरात असतं.

झुरिकला आम्ही वेळेवर गाडीत बसलो. पण बर्फ पडत होता, आणि बर्न जवळ येईपर्यंत आम्ही पाच मिनिटं मागे पडलो होतो. आठातून पाच गेले, तीन उरले. चुकली तर पुढची गाडी होती, आभाळ कोसळणार नव्हतं. पण ती गाडी चुकली असती तर आईनं तिचा दोष स्वतःच्या गुडघ्यांना दिला असता, आणि पुन्हा आमच्याबरोबर कुठेही आली नसती. बायको माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून बाहेर बघत मनात आकडे मांडत होतो.

"डॅड," मुलगी म्हणाली, "नो थिंकिंग आफ्टर इट स्टॉप्स. मावशी सेड."

मी वळून पाहिलं. आई बाकावर नव्हती. कोटाची शेवटची गुंडी लावून, काठी घेऊन ती कधीच दारात उभी होती.

दार उघडलं. दुखरा पाय खाली. आई फलाटावर होती. उतार तंत्रज्ञानं सांगितला होता तिथेच होता. उताराच्या तोंडाशी एक मोठं कुटुंब आठ-दहा बॅगांच्या कोंडाळ्यात अडकलं होतं, आणि त्यांच्यातला एक जण अगदी माझ्यासारखा बॅगा मोजत होता. "एक्सक्यूज मी!" साताऱ्याच्या शाळेतला आवाज बर्नच्या स्टेशनात घुमला. वाट झाली. आम्ही तिच्यामागे उतार उतरलो, दुसरा चढलो. ती थांबली नाही, आम्ही कुणी सावकाश म्हणालो नाही. समोर गाडी. चांगला पाय वर. दारात उभी राहून आईनं वळून आमच्याकडे पाहिलं, आणि गाडी सोडायला आलेल्या गणवेशातल्या माणसाकडेही पाहिलं. कसं, ते तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. तो हसला आणि थांबला. बायको चढली, मुलगी चढली, सगळ्यांत शेवटी मी.

गाडी हलली तेव्हा आईचा कोट काढून घडी घालून झाला होता. मुलीनं तिला मिठीच मारली. "आजी, यू वेअर फर्स्ट!"

"मग? तसंच ठरलं होतं," आई म्हणाली.

लाउटरब्रुनेनहून छोटी गाडी डोंगर चढायला लागली तेव्हा अजून उजेड होता. एका वळणावर झाडं संपली आणि खाली सबंध दरी उघडी पडली. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, तळ सपाट, पांढरा, ताटासारखा. आईनं खिडकीवरची वाफ पुसली. मग नातीला म्हणाली, "बघ. यू. मी काढायची तेव्हा मुलं म्हणायची, बाई, एवढी सरळ भिंत कशी असेल? तळ मी बरोबर काढायचे. भिंती मात्र कमी उंच काढल्या."

पुढचे पाच दिवस आम्ही तिघं बर्फात घसरत, पडत होतो. आई हॉटेलच्या खिडकीशी चहाचा कप घेऊन बसायची आणि तासतासभर दरीकडे बघायची. हातात पुस्तक नाही, काही नाही. अशी बसलेली दुसरी एक बाई मला माहीत होती.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी आई म्हणाली, मला ताईंकडे सोड. ताईंनी दार उघडलं आणि एकच प्रश्न विचारला, "बर्नला आधी कोण उतरलं?"

"मी," आई म्हणाली.

ताईंनी मान डोलावली, जशी त्या प्रेस पुन्हा चालू झाल्यावर डोलावतात. मग सवयीप्रमाणे खाली वाकून आईचे बूट जोडीनं लावले आणि त्यांची तोंडं दाराकडे केली.

आईनं काठीच्या टोकानं एक बूट फिरवला, मग दुसरा. दोन्हींची तोंडं घराच्या आत.

"चहा टाक," ती म्हणाली. "आज मी लवकर जाणार नाहीये."

ताईंनी त्या बुटांकडे पाहिलं. त्यांना हात लावला नाही. खिडकीशी, तळ्याच्या बाजूला, त्यांनी आणखी एक खुर्ची ओढली.